टाळ्या आणि टाळी

(मंडळाच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीनं मला वीस मिनिटं दिली आहेत आणि आरती साडेसातला आहे. तेव्हा प्रास्ताविक न करता सरळ विषयावर येतो. मी काही संगीताचा जाणकार नाही. लहानपणी चार वर्षं तबला शिकलो, पॉलिटेक्निकला गेलो आणि तबला माळ्यावर गेला. त्यामुळे आज मी बोलणार आहे ते श्रोत्याच्या खुर्चीवरून, आणि तेही त्या खुर्चीवर बसून केलेल्या एका चुकीबद्दल.

गेल्या हिवाळ्यात आपल्याच इंदूरमध्ये एक तालवाद्य संमेलन झालं. पखवाज, मृदंगम, घटम, ढोलकी असं सगळं दोन दिवस चाललं होतं. शेवटच्या रात्री एका तरुण तबलावादकाचं एकल वादन होतं. त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की आपल्याकडे लगेच घराण्यावरून वाद सुरू होतो, आणि मग आरतीला उशीर होतो. माझ्याबरोबर माझी मुलगी होती. ती नववीत आहे आणि पाच वर्षं तबला शिकते आहे.

तीनताल होता. पेशकारानं सुरुवात झाली, मग कायदे, मग रेला. रेल्याला तो माणूस एका मात्रेत आठ अक्षरं वाजवत होता. सोळा मात्रांचं आवर्तन, म्हणजे एका आवर्तनात 128 अक्षरं. मात्रा साधारण सेकंदाला एक चालली होती. ‘धिरधिर’ वाजवताना हाताचा पंजा दिसतच नव्हता, शाईवर नुसती एक धूसर सावली हलत होती. आणि आवाज म्हणाल तर प्रत्येक अक्षर सुटं, स्वच्छ. ज्वारीचे दाणे परातीत पडावेत तसं. सभागृह वेडं झालं. लोक उभे राहिले, मोबाइल वर गेले. टाळ्या वाजवून माझे तळहात लाल झाले.

त्यानंतर त्यानं एक गत वाजवली. ही ऐकताना वेग उतरल्यासारखा वाटला. चार मात्रांच्या जागेत तो सात अक्षरं बसवत होता. पावणेदोनपट लय, तिला बिआड म्हणतात. हिशेब करा: आवर्तनात अक्षरं फक्त 28. कुठे 128 आणि कुठे 28! पण ही 28 अक्षरं मात्रेवर पडत नाहीत. सगळी मधल्या फटींत पडतात आणि दर चार मात्रांनी एकदाच, म्हणजे पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेवर, तालाला येऊन भेटतात. ही चार ठिकाणं म्हणजे तीनतालातल्या तीन टाळ्या आणि एक काल. ज्याच्या हातावर टाळी चालू आहे त्याला प्रत्येक भेट कळते. ज्याच्या हातावर नाही त्याला वादक जरा अडखळतोय की काय असं वाटतं.

मला तसंच वाटलं. शेजारचे गृहस्थ मोबाइलवर मघाचा व्हिडिओ पाठवत होते. त्या गतीला एकही टाळी पडली नाही. फक्त माझ्या मुलीनं ‘क्या बात है’ म्हटलं आणि मी तिच्याकडे चमकून पाहिलं.

शेवटी त्यानं माइक घेतला आणि सांगितलं की आता फर्माईशी चक्रदार. ती काय असते, ते थोडक्यात सांगतो. आधी तिहाई बघू. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्या वेळचा शेवटचा ‘धा’ बरोबर समेवर आणायचा. हे आत्ताच करून पाहू. बालगोपाळांनो, माझ्याबरोबर म्हणा: ‘तिट कत गदि गन धा’. झाल्या पाच मात्रा. एक मात्रा गप्प. पुन्हा ‘तिट कत गदि गन धा’. एक मात्रा गप्प. पुन्हा ‘तिट कत गदि गन धा’. पाच, एक, पाच, एक, पाच, एकूण सतरा. ताल सोळा मात्रांचा, म्हणून सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. समेवरून निघालात तर शेवटचा ‘धा’ समेवर. (येथे सभागृहातील मुलांनी तिहाई म्हटली. दुसऱ्या प्रयत्नात जमली.)

शाबास. आता चक्रदार म्हणजे ज्याच्या शेवटी अशी तिहाई आहे तो सबंध तुकडाच तीनदा वाजवायचा. आणि फर्माईशीत आणखी एक मेख असते. पहिल्या फेरीत तिहाईचा पहिला ‘धा’ समेवर येतो, दुसऱ्या फेरीत दुसरा आणि तिसऱ्या फेरीत तिसरा. म्हणजे सम तीनदा येऊन जाते, त्यांतली दोनदा चालत्या बोलांत दडून जाते.

त्यानं आधी पढंत केली, हातावर टाळी देत सगळे बोल म्हणून दाखवले. म्हणजे प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका दोन्ही आमच्या हातात दिली. मग वाजवायला घेतलं. पहिली फेरी संपली, तिसरा ‘धा’ दणदणीत पडला, क्षणभर शांतता झाली, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो थांबला नाही. हसलाही नाही. त्या कडकडाटातच त्यानं दुसरी फेरी सुरू केली, आणि त्या फेरीतली समेची जागा आमच्याच टाळ्यांच्या आवाजात बुडाली. पुढच्या रांगेत एक आजोबा होते, शालीत गुंडाळलेले. त्यांचा हात मांडीवर चालू होता. तिसऱ्या फेरीचा शेवटचा ‘धा’ आला तेव्हा तबलजीनं त्या आजोबांकडे पाहून मान झुकवली. हजारभर माणसांच्या सभागृहात त्याला एक माणूस सापडला होता.

परत येताना स्कूटरवर मागून मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही टाळ्या वाजवल्यात तेव्हा अजून दोन फेऱ्या बाकी होत्या.”

मी म्हटलं, “अगं, सगळ्यांनीच वाजवल्या.”

ती म्हणाली, “हो. घरीसुद्धा असंच होतं. मी जोरात वाजवलं की तुम्ही वा म्हणता. मी चुकले तरी वा म्हणता.” आणि थोड्या वेळानं म्हणाली, “मोजत कोणीच नाही.”

मंडळी, मी लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहे. आमच्याकडे कामाची नोंद मापपुस्तिकेत झाल्याशिवाय बिल निघत नाही. रस्ता चकचकीत दिसतो म्हणून बिल काढलं तर चौकशी लागते. आणि मी पाच वर्षं माझ्या मुलीची बिलं न मोजता मंजूर करत होतो. ती त्या दिवसांत क्लास सोडायच्या गोष्टी करत होती. आम्हाला वाटलं, अभ्यास वाढला असेल. कारण तिनं त्या रात्री सांगितलं, तेही मी चुकलो म्हणून.

आपल्याकडे नेहमी म्हटलं जातं की हल्ली नुसती तयारी राहिली, भाव गेला, हल्लीचे तबलजी कसरत करतात. मीही हे म्हणत आलो. त्या रात्रीनंतर मला वाटतं की हे आपल्या सोयीचं बोलणं आहे. त्या मुलानं बिआड वाजवली, फर्माईशी वाजवली, समजावून वाजवली. त्याच्या बाजूनं काही कमी नव्हतं. आम्हाला मोजता आलं ते फक्त वेग, कारण वेगाला मोजावं लागत नाही, तो दिसतो. मग कलाकारानं काय करावं? जिथे टाळ्या पडतात तिथे तो जास्त वेळ थांबणार. कसरत आपणच मागवतो आणि पुन्हा आपणच नावं ठेवतो.

15 डिसेंबर 2024 रोजी उस्ताद झाकीर हुसेन गेले. त्या आठवड्यात माझ्या फोनवर त्यांचे कितीतरी व्हिडिओ आले. बहुतेक अर्ध्या मिनिटाचे, आणि बहुतेक सगळे रेल्याचे. अर्ध्या मिनिटात तीनतालाची दोन आवर्तनंसुद्धा नीट होत नाहीत. पेशकाराचा एकही आला नाही. मीही एक पुढे पाठवला. तोही रेल्याचाच.

आपल्या शेजारी ग्वाल्हेरला 25 डिसेंबर 2023 रोजी किल्ल्यावर बाराशेहून अधिक तबलावादकांनी एकत्र वाजवलं आणि गिनीज विक्रम झाला. अभिमानाची गोष्ट आहे. वाजवणारे आपल्याकडे आहेत, पुष्कळ आहेत. मोजणारे किती उरले, याची नोंद मात्र कुठल्याच पुस्तकात होत नाही.

आणि हे इंदूर आहे, मंडळी. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे इथे होळकर दरबारी पखवाज वाजवत होते. त्यांच्या नावानं पखवाजाचं एक घराणंच झालं. सखारामपंत आगळे त्यांचे शिष्य. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांचे पूर्वज त्याच काळात दक्षिणेतून इथे आले. कोणी कारकून होते, कोणी शिलेदार, कोणी भिक्षुक. ते सगळे काही पखवाज वाजवत नव्हते. पण वाजवणाऱ्यासमोर कोणीतरी बसलं असेलच, मांडीवर हात ठेवून. माझे वडील असेच होते. त्यांना एकही वाद्य येत नव्हतं. पण रेडिओवर गाणं लागलं की जेवताना डाव्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर चालू असायची, आणि समेला भाकरीचा घास तोंडात जायचा. आम्ही हसायचो.

आता मी रोज रात्री अर्धा तास मुलीसमोर बसतो. ती वाजवते, मी टाळी देतो. पहिले पंधरा दिवस मी चुकत होतो आणि ती थांबून मला सांगत होती. मध्ये एकदा ती चुकली आणि मी सांगितलं. तिनं ते बोल पुन्हा वाजवले. क्लास सोडण्याचं त्यानंतर निघालेलं नाही. पुढे निघेलही, मी काही खात्री देत नाही.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्या सभागृहात दर रविवारी मुलांचा तबल्याचा वर्ग भरतो. पालक बाहेर कट्ट्यावर बसतात. मीही बसायचो. शेवटची पंधरा मिनिटं आपण आत बसू. खर्च काही नाही. ज्यांना टाळी येते अशी ज्येष्ठ मंडळी आपल्यात अजून पाच-सहा तरी आहेत. त्यांनी आम्हाला शिकवावं. ती आहेत तोवर शिकवावं.

आणि तोवर सराव म्हणून आजची आरती आहेच. आरतीत आपण सगळे टाळ्या वाजवतो. ती दाद नव्हे, तो ताल आहे. कोणी सांगत नाही, कोणी शिकवत नाही, तरी दोनशे माणसांचे हात एका मात्रेवर येतात. म्हणजे हे आपल्याला येतं. फक्त पहिल्या आरतीला जी लय असते ती शेवटच्या आरतीपर्यंत दुपटीवर पळालेली असते. आज ती पळू द्यायची नाही, एवढंच करू या.

साडेसातला दोन मिनिटं कमी आहेत. गणपती बाप्पा मोरया!