पानं बघायला फाल्गुनात चला

दिवाळीनंतर सहल काढू, असं गटाच्या बैठकीत दरवर्षी ठरतं. नेमकी तेव्हाच कपाशी फुटलेली असते; वेचणी सोडून जाणार कोण? शिवाय तेव्हा मेळघाट हिरवाच असतो. आपल्याकडे पानांचे रंग बघायचे ते माघ-फाल्गुनात. तूर घरात आलेली असते. सागाची पानं तांबूस होऊन गळतात, पळस फुलतो, आणि कुसुमाची कोवळी पालवी तर अशी लालभडक, की दुरून फुलंच वाटावीत. धबधबे मात्र तेव्हा नसतात, ती हौस श्रावणात.

अमरावतीकडच्या बायांनी परतवाड्याहून चिखलदरा गाठावा, अकोल्याकडच्यांनी अकोटावरून नरनाळा किल्ला. नरनाळा व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात आहे, म्हणून प्रवेशाची वेळ आधी विचारा. एसटीत मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धंच तिकीट आहे. परतीची शेवटची गाडी कितीला, हे उतरल्याबरोबर पक्कं करा.

आता रोडग्यांचं. सहल म्हटली की गोवऱ्या पेटल्याच पाहिजेत, हे मलाही कळतं. पण त्या दिवसांत रानात वाळल्या सागपानांचा थर असतो. गोवरीची एक ठिणगी वाऱ्यानं उडाली तर डोंगर पेटतो, आणि मोहफुलं वेचून चार पैसे जोडणाऱ्या कोरकू बायांचा हंगाम जातो. रोडगे घरूनच भाजून न्या. तूप आणि वांग्याची भाजी असली, की गार रोडगेही छान लागतात. माचिस घरीच राहू द्या; पाण्याच्या कॅन मात्र दोन जास्त घ्या.