पोथी आणि तिचा वाचक



पैनगंगेच्या या काठावर मराठी माणसे जमली आणि हस्तलिखितांचा विषय निघाला, की मन लगेच पुण्याला, धुळ्याला, तंजावरला धावते. भांडारकर संस्थेतल्या हजारो पोथ्या, इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद, सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महालातली मोडी दप्तरे, या सगळ्यांचा अभिमान बाळगावा तेवढा थोडाच. पण याच आदिलाबाद जिल्ह्यात, नारनूर मंडलात गुंजाला नावाचे गाव आहे. त्या गावाने हस्तलिखितांविषयी जे शिकवले, ते मोठमोठ्या संग्रहांनीही मनावर घ्यावे असे आहे.

२००६मध्ये हैदराबाद विद्यापीठाचे प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांचे सहकारी गुंजाल्यापर्यंत पोहोचले. तिथे गोंड कुटुंबांनी जपलेली डझनभर हस्तलिखिते त्यांना पाहायला मिळाली. भाषा गोंडी होती, पण लिपी देवनागरी नव्हती आणि तेलुगूही नव्हती. त्या लिपीची वर्णमालाच मुळी ‘क’पासून नव्हे, ‘य’पासून सुरू होते. जाणकार गोंड पंडित आणि संशोधक ही लिपी साधारण १७५०च्या सुमाराची मानतात. गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या प्रधान समाजाचे ब्रह्मदेशाशी असलेले जुने व्यापारी संबंध, इंद्रवेल्ली परिसराची मूळकथा, चंद्रपूरच्या गोंडांनी रोहिल्यांच्या साथीने इंग्रजांविरुद्ध केलेला उठाव, असे विषय त्या पानांवर असल्याचे अभ्यासकांनी सांगितले आहे. गोंडांचे सगळे संचित केवळ मौखिक आहे, असे ठामपणे सांगणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर आहे.

मात्र पोथ्या उजेडात आल्या, तेव्हा त्या वाचू शकणारी माणसे चारच उरली होती, आणि चौघेही वृद्ध होते.

या एका गोष्टीपाशी थांबायला हवे. आणखी पंधरा-वीस वर्षे कोणी गुंजाल्याला गेले नसते, तर काय झाले असते? पोथ्या कदाचित तशाच राहिल्या असत्या. एखाद्या संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात ‘अज्ञात लिपी’ अशी चिठ्ठी लावून त्या मांडल्याही गेल्या असत्या. कागद वाचला असता आणि मजकूर गेला असता. संग्रह राखणे म्हणजे कागद राखणे आणि तो वाचणारा माणूसही राखणे. आपल्याकडे पहिल्या कामासाठी थोडाफार निधी निघतो, कपाटे येतात, स्कॅनर येतात. दुसऱ्या कामासाठी बहुतेक ठिकाणी साधा वर्गही चालत नाही.

गुंजाल्याच्या पोथ्यांशी मराठी माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आणि घरचा आहे. गोंडांच्या वंशकथा पिढ्यान्‌पिढ्या गाऊन जतन करणारे इथले प्रधान घरात मराठी बोलतात आणि यजमानाच्या दारी किकरी वाजवत गोंडीतून गातात. मानवशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४०च्या दशकात मारलवाई गावात राहून हे बारकाईने नोंदवले. त्याच काळात तिथे गोंड मुलांसाठी गोंडी वाचनमाला तयार झाल्या, त्या देवनागरीत. मराठेशाहीच्या फारसी साधनांचे गाढे अभ्यासक म्हणून ज्यांना आपण ओळखतो, त्या सेतुमाधवराव पगडींनी हैदराबाद संस्थानाच्या नोकरीत आदिलाबादच्या आदिवासींमध्ये काम केले. ज्यांच्यासाठी आपल्याला नेमले आहे त्यांची भाषा आली पाहिजे, या जाणिवेने ते गोंडी शिकले, कोलामी शिकले आणि दोन्ही भाषांची व्याकरणे त्यांनी लिहिली. पगडींच्या शिवचरित्रापर्यंत पोहोचणारे मराठी वाचक पुष्कळ आहेत. त्यांच्या कोलामी व्याकरणापर्यंतही काहींनी जावे. ते काम याच मातीत झालेले आहे.

पैनगंगेच्याच खोऱ्यात माहूर आहे. श्रीदत्तात्रेयांचे हे ठिकाण महानुभाव पंथाला फार मोलाचे. त्या पंथाची कहाणी गुंजाल्याच्या कहाणीशेजारी ठेवून पाहावी. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला. पुढे पंथीयांनी पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. शतकानुशतके त्या मठांत सुरक्षित होत्या, पण बाहेरच्या मराठी वाचकाला त्या बंदच होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना त्या लिप्यांची किल्ली मिळाली आणि मराठी गद्याचा इतिहास काही शतके मागे गेला. तिथेही किल्ली पंथातल्या जाणत्या माणसांपाशी होती.

पोथीला जाणता वाचक लागतो, हे जुन्या लेखकूंना कळत होते. कित्येक पोथ्यांच्या अखेरीस लेखकू विनवणी करतो: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि ही पोथी मूर्खाच्या हाती देऊ नका. पहिल्या तीन धोक्यांवर आपल्या घराण्यांनी उपाय शोधले. लाकडी फळ्यांमध्ये पाने घट्ट आवळली, रुमालात बांधली, कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे ठेवले. आज धोके वेगळे आहेत. फाटलेल्या पानाला प्रेमाने चिकटपट्टी लावली जाते आणि काही वर्षांत तिचा पिवळा डाग अक्षरांत उतरतो. जुने खत लॅमिनेट करून आणले जाते आणि ते पुन्हा मोकळे करताना कागदच हाती लागत नाही. आदिलाबादचा उन्हाळा भाजून काढतो, इथली थंडी तेलंगणात सर्वांत कडक, आणि मध्ये चार महिने दमट हवा. हवामानातला हा चढउतार कागदाला सतत ताणतो आणि सैल करतो. त्यासाठी महागडी यंत्रेच हवीत असे नाही. बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच, आम्लरहित कागदात गुंडाळून ठेवलेली पोथीही खूप टिकते.

चौथ्या विनवणीचे, म्हणजे जाणत्या वाचकाचे, मात्र काय? जून २०१८मध्ये युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत गुंजाला गोंडी लिपीला स्वतंत्र जागा मिळाली. अंशुमान पांडे यांनी त्यासाठी सविस्तर प्रस्ताव मांडला होता. आता ही लिपी संगणकावर उमटते, फोनवर पाठवता येते. उटनूरच्या आदिवासी विकास यंत्रणेने ती शाळांत शिकवण्यासाठी पावलेही टाकली. हे सगळे मोलाचे आहे. पण छापील वळणाचे अक्षर ओळखणारा विद्यार्थी अडीचशे वर्षांपूर्वीचे घाईत लिहिलेले पान वाचू शकेलच असे नाही. मोडीत हा अनुभव आपण घेतोच आहोत. बाराखडी आठवड्याभरात येते, पेशवाईतले पत्र वाचायला वर्षे लागतात. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते दप्तरात बसून रुमालामागून रुमाल वाचणाऱ्या मदतनिसांच्या बळावर.

म्हणून या व्यासपीठावरून मागणे आहे ते असे. जिल्ह्यातल्या मराठी शाळांचे शिक्षक आणि ग्रंथालये यांनी मिळून मोडी वाचनाचा कायमचा वर्ग चालवावा आणि त्याच छताखाली गुंजाला लिपीचाही. हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात फारसी-उर्दूच्या जोडीने मोडी कागदही आहेत. ते वाचायला हैदराबाद संस्थानाचा भूगोल जाणणारी माणसे लागतील आणि ती इथेच तयार होऊ शकतात. जुन्या वाड्यांतल्या आणि गोंडांच्या गुड्यांतल्या (पाड्यांतल्या) पोथ्यांची नोंद त्या-त्या घरी जाऊन, मालकासमोर करावी. छायाचित्र घ्यावे आणि पोथी तिथेच ठेवावी. छायाचित्रांचा एक संच मालकाच्या घरी, एक गावच्या शाळेत द्यावा. नोंदवहीत नाव, आकार, पाने, लिपी हे रकाने असतातच. त्यांच्याशेजारी आणखी एक रकाना आखावा: ही पोथी आज कोणाला वाचता येते. जिथे तो रकाना रिकामा राहील किंवा तिथे एखाद्या ऐंशी वर्षांच्या आजोबांचे नाव येईल, त्या गावी पहिल्यांदा जावे आणि स्कॅनरच्या आधी ध्वनिमुद्रक न्यावा.