संगणकातील वेळेचा जमाखर्च



महोत्सवाच्या निमित्ताने संस्थेच्या हिशेबवह्या आपण पाहिल्या. मीही हिशेबाबद्दलच बोलणार आहे, पण तो पैशाचा नव्हे, वेळेचा. संगणकाचा कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, तिला कोणते काम किती वेळ चालले, कोणाची मुदत भरली, हे ठोके मोजून ठरवावे लागते. या ठोक्यांच्या काउंटरला पुष्कळ यंत्रांत ३२ घरे असतात, आणि एका घरात शून्य किंवा एक एवढेच मावते. सबब ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ ठोके झाले की काउंटर पुन्हा शून्यावर. सेकंदाला हजार ठोके धरले तर ४९ दिवस १७ तासांत ही फेरी पुरी होते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील विमानांशी पामडेल येथील नियंत्रण केंद्र बोलत असते. १४ सप्टेंबर २००४ रोजी तेथील संभाषण यंत्रणा एकाएकी बंद पडली. तिचा काउंटर याच आकड्यावरून उलटा उतरत शून्याला टेकला होता. दोष ठाऊक होता. म्हणूनच दर ३० दिवसांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याचा नियम होता. त्या खेपेस तो पाळला गेला नाही. राखीव यंत्रणाही टिकली नाही. सुमारे तीन तास संभाषण तुटले. टक्कर झाली नाही, हे नशीब. माणसाच्या आठवणीवर हवाला ठेवण्याला मी तरी दुरुस्ती म्हणणार नाही.

खरा उपाय आपल्या घरच्या जुन्या विजेच्या मीटरात आहे. मागचे रीडिंग ९९९०, आजचे ००१५. कारकून गोंधळत नाही. दहा हजार मिळवून वजाबाकी करतो आणि २५ युनिटांचे बिल लिहितो. प्रोग्राम लिहिणारा चुकतो तो ‘आताचा आकडा मुदतीच्या आकड्याहून मोठा आहे काय?’ असे विचारून. लिनक्समध्ये त्याऐवजी आताच्या आकड्यातून मुदतीचा आकडा वजा करतात. बाकी अर्ध्या फेरीच्या आत आली तर मुदत उलटली. त्याहून जास्त आली तर ती अजून यावयाची आहे.

मात्र दोन वाचनांच्या मधे मीटर पुरी फेरी फिरले, तर कारकुनाला ते कळणार कसे? सेकंदाचे दहा लाख भाग मोजणारे ३२ घरांचे खाते सुमारे ७२ मिनिटांतच फिरते. प्रोसेसरने ८० मिनिटे राबून केलेले काम तेथे आठच मिनिटांचे दिसेल!

घरे ६४ केली तर हजार ठोक्यांच्या हिशेबाने ५८ कोटी वर्षांची निश्चिंती. पण ३२ घरांचे यंत्र तो आकडा दोन तुकड्यांत वाचते, आणि एक तुकडा वाचून दुसरा वाचेपर्यंत हातचा चढला तर भलताच आकडा हाती येतो. म्हणून मधे काही बदलले काय हे तपासून, बदलले असल्यास पुन्हा वाचावे लागते.

लिनक्सकारांची एक युक्ती मला फार आवडते. त्यांनी ३२ घरांचा हा काउंटर शून्यापासून सुरूच केला नाही; फेरी पुरी होण्यास पाच मिनिटे कमी, अशा आकड्यापासून केला. त्यामुळे चुकीची तुलना लिहिणाऱ्याला ती पन्नासाव्या दिवशी दुसऱ्याच्या कचेरीत नव्हे, यंत्र सुरू केल्यापासून पाचव्या मिनिटाला स्वतःच्याच मेजावर सापडते.