वनप्रदेशातील बिनतारी संच : पल्ला, गुणधर्म आणि परवाना



वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मध्ये गोंडपिपरी तालुका वसलेला आहे. पुढे या दोहोंचा संगम होऊन प्राणहिता वाहू लागते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आणि जुलै २०२२ मध्ये वर्धेला आलेल्या महापुरांनी या खोऱ्यांतील जनजीवन विस्कळीत केले. पुरात आधी वीज जाते, मागोमाग भ्रमणध्वनीच्या मनोऱ्याची बॅटरी संपते आणि नेमक्या निकडीच्या वेळी गाव मुके होते. जंगलाची अडचण निराळी. तेथे पुष्कळ ठिकाणी मनोऱ्याची लहर पोहोचतच नाही. मे २०२५ मध्ये याच चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. रानात विखुरलेल्या टोळ्यांना एकमेकींशी बोलता येणे किती मोलाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको.

अशा वेळी वॉकीटॉकीची आठवण होणे स्वाभाविक आहे. हा बिनतारी हस्तसंच मनोऱ्यावाचून, सिमकार्डावाचून चालतो. कळ दाबली की बोलावयाचे, सोडली की ऐकावयाचे. एका वेळी एकानेच बोलावयाचे आणि त्या वाहिनीवरील सर्वांनी ऐकावयाचे. एका इशाऱ्याने दहा जण सावध होतात, हा त्याचा मोठा गुण. परंतु खरेदीपूर्वी त्याचा पल्ला किती आणि त्यास परवानगी कोणती, या दोन गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

प्रथम पल्ल्याचा विचार करू जाता असे दिसते की, संचाच्या खोक्यावर छापलेला किलोमीटरचा आकडा मोकळ्या, निर्वेध जागेतील असतो. या संचांच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीच्या वक्रतेमुळे क्षितिजापलीकडे फारशा पोहोचत नाहीत. दीड मीटर उंचीवर, म्हणजे माणसाच्या तोंडाशी धरलेल्या संचाचे बिनतारी क्षितिज सुमारे पाच किलोमीटरवर असते. म्हणजे दोन हस्तसंचांमधील अंतर सपाट, उघड्या माळावर फार तर दहा किलोमीटर. सागवान आणि बांबूच्या दाट रानात, टेकडीच्या आड किंवा नाल्याच्या खोलगटात हे अंतर झपाट्याने घटते. दुर्बळ संचाचे तर एखाद-दीड किलोमीटरवरच येऊन ठेपते.

यावर उपाय शक्ती वाढविण्याचा नसून उंची वाढविण्याचा आहे. एरियल तीस मीटर उंच मनोऱ्यावर चढविले की त्याचे क्षितिज सुमारे बावीस किलोमीटरवर जाते. मात्र हे अंतर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ते दुप्पट करावयाचे तर उंची चौपट करावी लागते. म्हणूनच मोठ्या यंत्रणा उंच जागी रिपीटर उभारतात. हे यंत्र एका वारंवारतेवर आलेला संदेश घेऊन दुसऱ्या वारंवारतेवर पुन्हा प्रक्षेपित करते, त्यामुळे टेकडीच्या दोन बाजूंचे हस्तसंच एकमेकांशी बोलू शकतात. वारंवारतेचेही महत्त्व आहे. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर दोन मीटर लांब असते. साडेचारशे मेगाहर्ट्झची त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. झाडीतून जाताना आखूड लहर अधिक शोषली जाते, म्हणून जंगलात पहिल्या पट्टीचे संच अधिक उपयोगी ठरतात. इमारतींच्या दाटीत दुसरे बरे.

आता परवान्याविषयी. हवेतील लहरींना कुंपण घालता येत नाही. एकाने भलत्या वारंवारतेवर कळ दाबून धरली तर त्याच वारंवारतेवरील पोलिसांचा, वनखात्याचा वा रुग्णवाहिकेचा संदेश अडतो. १८८५ चा भारतीय तार कायदा आधीपासून होताच. बिनतारी संचांसाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा अस्तित्वात आला. त्यांची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा, २०२३ संमत झाला व त्याची अनेक कलमे जून-जुलै २०२४ मध्ये अमलात आली. वारंवारतांचे नियोजन केंद्रीय दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. विनापरवाना संच वापरणेच नव्हे, तर बाळगणेही अपराध ठरू शकतो.

सर्वच संचांना परवाना लागतो असे मात्र नाही. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्टीतील अल्पशक्तीचे संच परवान्यापासून मुक्त आहेत. त्याआधी २००५ मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या आसपासची नागरिक पट्टीही कमाल पाच वॅट शक्तीच्या मर्यादेत मुक्त करण्यात आली होती. परंतु परवानामुक्त संचालाही उपकरण प्रकार मान्यता असावी लागते. ऑनलाइन बाजारात अधिक शक्तीचे, हव्या त्या वारंवारतेवर लावता येणारे संच स्वस्तात मिळू लागले, तेव्हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून वारंवारता व मान्यतेची माहिती देणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले. संच सहज विकत मिळाला म्हणजे तो कायदेशीर झाला, हा समज सोडून दिला पाहिजे.

गोपनीयतेविषयीही गैरसमज आढळतो. काही संचांत उपध्वनीचा संकेत लावता येतो. त्यामुळे इतरांचे बोलणे आपल्या संचात ऐकू येत नाही, परंतु आपले बोलणे इतरांपासून लपत नाही. सबब कोणाचे आजारपण वा पैशाची ने-आण यांची वाच्यता वाहिनीवर करू नये.

शिक्षकांसाठी आणखी एक वाट आहे. ती हौशी रेडिओची. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही परीक्षा देऊन हा परवाना मिळविता येतो. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. मात्र हा परवाना व्यक्तीचा, शिक्षणाचा व सेवेचा आहे. ग्रामपंचायतीचे दैनंदिन कामकाज त्यावर चालविता येत नाही.

तेव्हा ठराव मांडण्यापूर्वी ग्रामपंचायतीने क्रम ठेवावा. कोणाला कोणाशी, किती अंतरावर बोलावयाचे ते आधी ठरवावे. पूररेषेवरील पहारा, नावेचा घाट, तेंदूपानांची फळी यांसारख्या जवळच्या कामांस परवानामुक्त संच पुरेसे होतात. तालुक्यापर्यंत पोहोचावयाचे असल्यास स्वतंत्र खरेदी न करता तहसील, पोलीस व वनविभागाच्या विद्यमान यंत्रणेशी सांगड घालावी. संच उसना आणून प्रत्यक्ष शिवारात चालवून पाहावा आणि कोठे आवाज तुटतो ते गावाच्या नकाशावर नोंदवावे. पावसाळ्यापूर्वी बॅटऱ्या भारित ठेवाव्यात. बोलताना कळ दाबून क्षणभर थांबावे. मग कोण बोलतो, कोठून आणि काय हवे, एवढेच सांगावे.

पुराच्या रात्री कपाटातला महागडा संच नव्हे, तर ज्याचा पल्ला गावाला आधीच ठाऊक आहे आणि ज्याचा वापर कायद्याला धरून आहे, असा साधा संचच उपयोगी पडेल.