निशी-कासाईतली शिकवणी



निमंत्रणाचा फोन केला तेव्हा तुमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "ताई, जपानवर बोला, पण बुलेट ट्रेन आणि चेरीची फुलं मुलांनी मोबाइलवर पाहिली आहेत. तुम्ही तिथे रोज काय करता ते सांगा." ही अट मला फार आवडली. मी तिथे शिकवणी घेते. कुणाच्या घरी जाऊन, कधी कॅफेत बसून, जपानी माणसांना इंग्रजी शिकवते. त्या कामाबद्दलच आज बोलणार आहे.

जपानमध्ये इंग्रजीवर प्रचंड मेहनत घेतली जाते. माध्यमिक शाळेत ती असतेच, २०२० पासून पाचवी-सहावीलाही ती पूर्ण विषय झाली. शाळा सुटली की मुलं 'जुकु'ला जातात, म्हणजे आपले कोचिंग क्लास. मोठ्या माणसांसाठी 'एइकाइवा' नावाचे संभाषणवर्ग जागोजागी आहेत. १९६३ पासून चालत आलेली एइकेन परीक्षा आहे. टोइक नावाची दुसरी परीक्षा तर जपानी लोकांच्या पुढाकारामुळेच एका अमेरिकन संस्थेने तयार केली आणि ती १९७९ मध्ये आधी जपानमध्येच सुरू झाली. तिच्यात ९९० पैकी किती गुण मिळाले हे अनेक कंपन्या बढतीच्या वेळी पाहतात. विद्यापीठाच्या सामायिक प्रवेश परीक्षेत इंग्रजीच्या २०० गुणांपैकी १०० गुण नुसतं ऐकून उत्तरं देण्याचे असतात. हा केवढा व्यवसाय आहे ते २००७ च्या ऑक्टोबरमध्ये कळलं. नोवा ही संभाषणवर्गांची सर्वांत मोठी साखळी तेव्हा दिवाळखोरीत गेली आणि हजारो परदेशी शिक्षकांचं काम एकदम गेलं.

एवढं सगळं शिकून माणसं बोलत मात्र नाहीत. खाजगी शिकवणी लागते ती इथे.

आम्ही तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाईत राहतो. २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पुष्कळ भारतीय अभियंते जपानला गेले. तोझाई लाइनने मध्य तोक्योतल्या कचेऱ्या जवळ पडतात म्हणून ते या भागात राहू लागले. त्यांच्या मागोमाग कुटुंबं आली, किराणा दुकानं आली, भारतीय शाळा आल्या, गणपतीही आला. माझ्या मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्हीही तिथे पोचलो. आश्रित व्हिसावर असलेल्या बाईला काम करायचं तर इमिग्रेशन कार्यालयातून परवानगी काढावी लागते आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. पुढे स्वतःचा व्हिसा मिळाला आणि मी पूर्णवेळ शिकवायला लागले.

सकाळी घरचं आवरून दहा वाजता प्रभागाच्या सामुदायिक केंद्रात गृहिणींचा एक गट असतो. दुपारी शाळकरी मुलं, त्यांच्या घरी. दारात बूट काढायचे आणि टोकं दाराकडे करून नीट लावायचे. चारची वेळ ठरली असेल तर चारलाच बेल वाजवायची. लवकर पोचलं तर कोपऱ्यावर थांबायचं, कारण वेळेआधी जाणंसुद्धा घरच्यांना अवघडवतं. संध्याकाळी सातनंतर नोकरदार माणसं स्टेशनजवळच्या कॅफेत भेटतात. दिवसभराच्या कामाने डोळे मिटत असतात, तरी वही उघडून बसतात. त्या वहीतलं अक्षर पाहिलं की मला त्यांचा आदर वाटतो.

पैशांबद्दलही सांगते, कारण स्नेहसंमेलनात कुणी ते सांगत नाही आणि मुलींनी तर ते ऐकायलाच हवं. तासाला साधारण तीन हजार येन मिळतात. महिन्याची फी पाकिटातून येते, त्यात कोऱ्या नोटा असतात आणि पाकीट दोन्ही हातांनी दिलं जातं. पण ऑगस्टमध्ये ओबोन या पितरांच्या सणात आणि वर्षअखेरीला सगळे गावी जातात, तेव्हा शिकवणी बंद आणि मिळकतही बंद. आयकराचं विवरणपत्र १५ मार्चपर्यंत आपलं आपण भरायचं. आरोग्यविम्याचा हप्ता असतो. रहिवासी कर मागच्या वर्षीच्या कमाईवर लागतो, म्हणजे यंदा काम कमी असलं तरी गेल्या वर्षीच्या चांगल्या दिवसांचा कर भरावाच लागतो. स्वतंत्र काम करणाऱ्या बाईची हिशेबाची वही चोख असलीच पाहिजे.

सुरुवातीला मी एका संस्थेत मुलाखतीला गेले. माझी पदवी पाहिली, माझं बोलणं ऐकलं, आणि मग सांगण्यात आलं की आम्हाला जन्मतःच इंग्रजी बोलणारी माणसं हवी आहेत. अशा जाहिराती तिथे सर्रास दिसतात. तो नकार मला लागला. आजही मी त्याच्याशी सहमत नाही, आणि का नाही ते तुम्हाला सांगण्यासाठीच मी इतक्या लांब आले आहे.

नवा विद्यार्थी आला की पहिल्या तासाला तो गप्प असतो. तुम्ही विचारता, सुट्टीत काय केलंत? तो टेबलाकडे पाहतो. बाहेरच्या माणसाला वाटेल, याला काही येत नाही. त्याला सगळं येत असतं. तो मनातल्या मनात वाक्य जुळवत असतो, क्रियापदाचा काळ तपासत असतो, 'अ' लावू की 'द' लावू याचा निर्णय करत असतो, आणि पूर्ण निर्दोष होईपर्यंत तोंड उघडत नाही. त्या वेळी शिक्षकाने थांबायचं असतं, वाक्य त्याच्या तोंडून येईपर्यंत. जन्मतःच ती भाषा बोलणाऱ्याला हे थांबणं जड जातं असं मी पाहिलं आहे. त्याला वाक्य जुळवावं लागलेलं नसतं, म्हणून त्या शांततेत काय चाललं आहे ते त्याला दिसत नाही. मला दिसतं. मी इथे भोपाळला, पिपलानीतल्या भेलच्या क्वार्टरमध्ये बसून हीच वाक्यं अशीच जुळवली आहेत. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी, अशी माझी इंग्रजी तिसऱ्या पायरीवरची. 'आय हॅव बीन' आणि 'आय हॅड बीन' यांतला फरक मला कुणी पाळण्यात सांगितला नाही. तो मी कमावला, म्हणून तो कुठून कसा समजतो, कुठे अडतो, हे मला दुसऱ्याला सांगता येतं.

माझे एक विद्यार्थी सत्तरीच्या पुढचे होते, निवृत्त अभियंता. कित्येक तास ते हो-नाहीच्या पुढे गेले नाहीत. एकदा मी विचारलं, नोकरीत काय केलंत? ते म्हणाले, जलविद्युत टर्बाइन. आता माझे बाबा तर आपल्या भोपाळच्या भेल कारखान्यात, ज्या विभागात पाण्यावरची टर्बाइनं होतात तिथेच आयुष्यभर होते. फ्रान्सिस आणि कप्लान ही टर्बाइनांची नावं मी जेवणाच्या पाटावर ऐकली आहेत. मी वहीत रनरचं, म्हणजे टर्बाइनच्या फिरत्या चाकाचं चित्र काढलं आणि विचारलं, याची पाती वळतात की स्थिर असतात? त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं. पुढचा पाऊण तास ते इंग्रजीत बोलत होते. काळ चुकत होते, आर्टिकलं गळत होती, आणि कप्लानची पाती पाण्याच्या प्रवाहाप्रमाणे कशी फिरवतात ते त्यांनी मला स्वच्छ समजावून सांगितलं. घरी आल्यावर मी भोपाळला फोन करून बाबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर सांगितलंय त्यांनी.

विद्यार्थ्यांनो, आपला हा भेलचा कारखाना १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून स्थापन झाला तेव्हा तंत्रज्ञान इंग्लंडच्या कंपनीकडून आलं आणि माणसं देशाच्या कानाकोपऱ्यातून आली. म्हणून गोविंदपुऱ्यात, बरखेड्यात, पिपलानीत एका रांगेत मल्याळी, बंगाली, तमिळ, पंजाबी आणि मराठी घरं आहेत. शेजारच्या काकूंशी कसं बोलायचं, मैत्रिणीच्या आजीला काय म्हणायचं, कुठला शब्द कुठे चालतो, हे तुम्ही शाळेत जाण्याआधीच शिकता. भाषा शिकवण्याची खरी तयारी तीच आहे. तुमच्या मराठीत हिंदी मिसळते आणि इंग्रजी वाकडी पडते म्हणून कुणी बोललं, तर मान खाली घालू नका.

आणखी एक गोष्ट मला तुम्हाला द्यायची आहे. जपानी मुलं आपली मुळाक्षरं शिकतात ती अ, इ, उ, ए, ओ, मग का, की, कु, के, को. पुढे स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. पहिल्यांदा एका छोट्या मुलाच्या भिंतीवर तो तक्ता पाहिला तेव्हा मी तिथेच उभी राहिले. ही तर बाराखडी! बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा वर्णक्रम तिथे रुजला. भारतातून बोधिसेन नावाचे भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचले आणि ७५२ मध्ये नारा इथल्या तोदाइ-जी मंदिरातल्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्यांच्या हातून झाला. त्यांनी तिथे संस्कृतही शिकवली. म्हणजे जपानमध्ये भाषा शिकवणारे भारतीय बाराशे वर्षांहून जुने आहेत. आपल्या काळातही महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या प्रभागसभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. जपानी मुलांची सरकारी शाळा एका मराठी माणसाच्या हाती सोपवली गेली, हे तिथे राहणाऱ्या मला केवढं बळ देऊन गेलं!

नववी ते बारावीच्या मुलांपैकी कुणाला जपानी शिकायची असेल तर जपानी भाषेच्या परीक्षेतल्या एन-५ या सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात करा. जपान सरकारची पदवीसाठीची शिष्यवृत्ती जपानच्या वकिलातीमार्फत मिळते, तिचा अर्ज कसा भरायचा ते मी दाखवीन. मी रविवारपर्यंत भोपाळमध्ये आहे. उद्या आणि परवा सकाळी दहापासून तुमच्या ग्रंथालयात बसणार आहे, बाईंनी खोली दिली आहे. ज्यांना इंग्रजी बोलायची भीती वाटते त्यांनी तर नक्की या. विषय तुम्ही निवडा, क्रिकेट, स्वयंपाक, मोटार दुरुस्ती, काहीही. मी थांबेन.

आता बक्षिसं घेणारी मुलं कधीची रांगेत उभी आहेत. त्यांना वर बोलावूया.