पिशवी गेली, पण हाडांचं काय?

मी तुमच्या बचत गटांची सहयोगिनी बोलतेय. दर वेळी मी कर्ज, हप्ता, बँकेचं पासबुक यावर बोलते. आज हाडांवर बोलणार आहे. हाडं आणि हप्ता यांचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, ऐका.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका गावात गटाची मासिक बैठक होती. हजेरीचं रजिस्टर फिरत फिरत एका ताईपाशी आलं. ती नेहमी सही करते. त्या दिवशी तिने डाव्या हाताचा अंगठा उठवला. उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मोरीत पाय घसरला, हात टेकवला आणि मनगट मोडलं, एवढंच. वय अडतीस. नवरा-बायकोच्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेतलेली, पंधरा दिवसांत गाडी निघायची होती. ती म्हणाली, "ताई, नुसता हात टेकवला तर हाड मोडतं का हो? मी काय म्हातारी झाले का?"

तिचे कागद घेऊन आम्ही दोघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी हाताआधी एक जुनं कार्ड वाचलं. सत्ताविसाव्या वर्षी एका खासगी दवाखान्यात तिची पिशवी काढली होती. अंगावर पांढरं जायचं, पोट दुखायचं. "ठेवली तर कॅन्सर होईल" असं तिला सांगितलेलं. मॅडमनी विचारलं, "पिशवीबरोबर अंडाशयही काढलेत, माहीत आहे का?" तिला माहीत नव्हतं. अकरा वर्षं माहीत नव्हतं.

आपल्या बीड जिल्ह्यात हे दुःख एकीचं नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली होती. ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा पिशवीची चर्चा खूप झाली. हाडांची कुणी केली नाही.

आता गर्भपिशवी आणि अंडाशय यातला फरक समजून घेऊ. पिशवीत मूल वाढतं. तिच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं असतात. इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन मुख्यतः तिथे तयार होतं. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण अंडाशयं काम करत राहतात. काही जणींची मात्र ती थोडी लवकर थकतात. अंडाशयंही काढली, तर जे पाळी जायच्या वयात हळूहळू कमी व्हायचं ते इस्ट्रोजेन एका दिवसात जातं.

हाड म्हणजे दगड नव्हे. त्याचं काम आयुष्यभर चालू असतं. एक टोळी जुनं हाड पाडते, दुसरी नवं बांधते. पाडणाऱ्या टोळीवर इस्ट्रोजेन मुकादमासारखं लक्ष ठेवतं. मुकादम गेला की पाडणारे सुटतात. बांधणारे मागे पडतात आणि हाड आतून जाळीजाळीचं, पोकळ होत जातं. दुखत काहीच नाही. पडल्यावरच कळतं.

यात आपल्या पोटाचाही हात आहे, हे मला मॅडमकडूनच पहिल्यांदा कळलं. आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. त्यातले बरेचसे आपले सोबती आहेत. आपल्याला न पचलेला चोथा ते खातात आणि त्यापासून आतड्याला पोसणारी आम्लं बनवतात. त्या आम्लांमुळे अन्नातलं कॅल्शियम अंगात जायलाही मदत होते. इस्ट्रोजेन असतं तोवर आतड्याचा आतला पडदा घट्ट राहतो. ते कमी झालं की पडदा सैल पडतो. जिवाणूंचे अंश पलीकडे झिरपतात. अंगातल्या पहारेकरी पेशींना वाटतं शत्रू आला, आणि त्या आरडाओरडा करतात. तो निरोप हाडापर्यंत पोचतो आणि पाडणारी टोळी आणखी वाढते.

२०१६ साली अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हे उंदरांवर दाखवलं. ज्या माद्यांच्या पोटात एकही जिवाणू नव्हता, त्यांचं इस्ट्रोजेन बंद केलं तरी हाडाचा आतला जाळीदार भाग झिजला नाही. साध्या उंदरांचा झिजला. त्यांना दह्यातल्या जिवाणूंच्या जातीचे चांगले जिवाणू दिले, तर झीज थांबली.

लगेच "मग दही खाल्लं की झालं" असं म्हणू नका. उंदीर वेगळा, बाई वेगळी. स्वीडनमध्ये पंच्याहत्तर ते ऐंशी वर्षांच्या ९० बायकांवर प्रयोग झाला. वर्षभर एका जातीचे जिवाणू दिले, तर पायाच्या हाडाची झीज कमी झाली. हे २०१८ साली छापून आलं. नंतर तेच जिवाणू पाळी नुकतीच गेलेल्या २३९ बायकांना दोन वर्षं दिले. २०२४ साली निकाल आला, फायदा दिसला नाही. म्हणून "हाडांसाठी जिवाणूंची पावडर" म्हणून कुणी महागडा डबा विकायला आलं, तर गटाचे पैसे त्यात घालू नका.

मग करायचं काय? जिवाणूंना पोसणारं आपलं साधं जेवण सोडायचं नाही. ज्वारीची भाकरी, मटकी, हरभरा, तूर, कांदा, लसूण, पालेभाजी. यातल्या चोथ्यावर ते जगतात. शिळी भाकरी ताकात कुस्करून खातो, तीही त्यांना आवडते. आंबील करा. पण शिजवताना ताकातले जिवाणू मरतात. म्हणून आंबील कोमट झाली की वरून ताजं ताक घाला. पोरांच्या चहा-बिस्किटाने हे काम होत नाही.

जिवाणूंबरोबर कॅल्शियमही लागतं, कारण बांधणाऱ्याला वीट नको का? बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. ज्वारीत ते थोडंच असतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. दूध-दह्यात शंभर ग्रॅमला सव्वाशेच्या जवळ. तीळ भाजून चटणीत घाला. दूध डेअरीला घालता, त्यातलं एक वाटी घरच्या बाईसाठी ठेवा. सगळ्यांना वाढून उरलं तर प्यायचं, हा हिशोब बंद करा.

कॅल्शियम पचायला ड जीवनसत्त्व लागतं. आपण उन्हात राबतो, पण डोक्यापासून मनगटापर्यंत झाकून. हातपाय रोज थोडे उघडे उन्हात राहू द्या. मिसरी सोडा. तंबाखू हाडांचीही वैरी आहे. आणि सर्दी-खोकल्याला दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका, त्या चांगल्या जिवाणूंनाही मारतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं काम घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी आज पेटी उघडून दवाखान्याचं कार्ड काढा. आशाताईंकडून किंवा सरकारी दवाखान्यात वाचून घ्या. अंडाशय ठेवलेत की काढलेत, एवढंच विचारा. पंचेचाळिशीच्या आत काढलेले असतील, तर हाडांची तपासणी आणि औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. काही जणींना पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनच्या गोळ्या देतात, काहींना त्या चालत नाहीत. ते डॉक्टरच ठरवतील. साध्या एक्स-रेत झीज लवकर दिसत नाही. त्यासाठी डेक्सा नावाची वेगळी तपासणी असते. ती मोठ्या शहरात होते, कुठे ते दवाखान्यात विचारा.

आणि ज्यांना आज कुणी "पिशवी काढून टाका" म्हणतंय, त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. काढावीच लागली तर विचारा, "अंडाशय ठेवता येतील का?" खाडा पडतो, दंड बसतो, म्हणून पाळीच नको असं वाटतं, हे मला कळतं. पण तो दंड एका दिवसाचा. हाडांचा दंड आयुष्यभराचा.

ती ताई त्या हंगामाला गेली नाही. मुकादम उचल मागायला आला, तेव्हा गटाने तिला अंतर्गत कर्ज दिलं. हप्ता अजून फिटतोय. हाडांचा आणि हप्त्याचा संबंध तो असा. पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांना कार्डं आणायला लावली. अकरा जणींत चौघींची पिशवी काढलेली होती. चौघींपैकी एकीलाही अंडाशयांचं माहीत नव्हतं. दोघींची काढलेली निघाली, दोघींची शाबूत.

तुमच्या गटात किती निघतात, ते येत्या बैठकीत बघा. रजिस्टरच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. मी आले की आपण मिळून दवाखान्यात जाऊ.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.