दारावरची पाटी

मी लखनौला गेलो बी.कॉम. करायला. ऐच्छिक विषयांच्या बाकी जागा भरलेल्या. उरली होती फक्त उर्दू. घरी सांगितलंच नाही. महिन्याभरानं चौकात, एका अत्तरवाल्याच्या पाटीवर, उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर जुळवत मी पहिला शब्द वाचला : दुकान. अरे, हा तर आपलाच! मग यादीच सुरू झाली : बाजार, हजार, खुर्ची, पेशवा. शेवटी आमचं आडनाव, चिटणीस. त्यातला 'णीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. त्या रात्री आजीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग लपवलंस कशाला?" खरं सांगतो, मी त्या भाषेला परकी समजत होतो. ती तर आमच्या दारावरच्या पाटीवरच होती.